क्रेव्हन स्ट्रीटपर्यंतची पायी फेरी : कथन रंगतदार, निष्कर्ष घाईचा

लंडनमध्ये व्हाइटहॉलपासून क्रेव्हन स्ट्रीटवरील बेंजामिन फ्रँकलिनच्या, म्हणजे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या लंडनमधील प्रतिनिधीच्या, घरापर्यंत नेणारी दोन तासांची एक फेरी आम्ही नुकतीच केली. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे, तर एक मवाळ माणूस जहाल कसा झाला, हे तिचे सूत्र.

प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाची, बैठक जेथे भरे, ती ‘कॉकपिट’ ही जागा आज शिल्लक नाही. एके काळी तेथे कोंबड्यांच्या झुंजी होत, म्हणून ते नाव. पदपथावर उभ्या उभ्या वाटाड्याने २९ जानेवारी १७७४ चा दिवस मात्र डोळ्यांपुढे आणला. मॅसॅच्युसेट्स या वसाहतीचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन याला हटवावे, या तेथील विधिमंडळाच्या अर्जाची सुनावणी होती, आणि फ्रँकलिन त्या विधिमंडळाचा प्रतिनिधी होता. मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टनला ब्रिटिश कराच्या निषेधार्थ चहा समुद्रात फेकल्याची बातमी नुकतीच येऊन थडकली होती, आणि हचिन्सनची खासगी पत्रे आपणच तिकडे पाठवली, हे फ्रँकलिनने आधीच कबूल केले होते. सरकारी वकील (सॉलिसिटर जनरल) वेडरबर्न याने सुमारे तासभर त्याला चोर ठरवून त्याचा भरसभेत पाणउतारा केला, उमराव हसत राहिले, आणि अडुसष्ट वर्षांचा हा जगन्मान्य शास्त्रज्ञ मखमली पोशाखात अवाक्षरही न काढता उभा राहिला. पाठोपाठ अमेरिकेतील टपालखात्याचे त्याचे पदही गेले.

कथन इतके उत्तम असूनही माझी तक्रार आहे. आत गेला तो राजनिष्ठ आणि बाहेर आला तो बंडखोर, असे सांगून वाटाड्याने टाळ्या घेतल्या. पण हा ‘बंडखोर’ त्यानंतर वर्षाहून अधिक काळ लंडनमध्येच राहिला, समेटाच्या खटपटी करत राहिला, बुडालेल्या चहाची भरपाई स्वतःच्या जबाबदारीवर द्यायलाही तयार झाला. फेब्रुवारी १७७५ मध्ये माजी पंतप्रधान लॉर्ड चॅटमची समेटाची योजना उमरावांच्या सभागृहाने फेटाळली, तेव्हा मंत्री लॉर्ड सँडविचने प्रेक्षकांत उभ्या असलेल्या फ्रँकलिनकडे वळून त्याला देशाचा कट्टर शत्रू म्हटले. या दुसऱ्या अपमानाचा फेरीत उल्लेखही नव्हता. खरे तर पहिल्या अपमानानंतर फ्रँकलिनने बॉस्टनला जे कळवले, त्यात स्वतःच्या मानापेक्षा दुसरीच चिंता दिसते : गाऱ्हाणे पोहोचवणारी नळीसुद्धा सरकारला नकोशी झाली असेल, तर एकोपा टिकायचा कसा? मार्च १७७५ मध्ये तो मायदेशी निघाला, तो ही आशा संपल्यावर.

क्रेव्हन स्ट्रीटच्या घरात सामान फारसे नाही, पण फ्रँकलिन ज्या जिन्याने वर्षानुवर्षे चढला-उतरला, तो आहे, आणि मला तेवढे पुरले. पॅरिसमध्ये ६ फेब्रुवारी १७७८ रोजी अमेरिकेच्या वतीने फ्रान्सशी तह करताना त्याने तोच मखमली पोशाख मुद्दाम घातला म्हणे. ही गोष्ट वाटाड्याने अगदी शेवटी, घराच्या दाराशी सांगितली. पाचपैकी साडेतीन तारे. पाऊस असेल, तर कॉकपिटची हकिगत तेवढी आडोशाला थांबून सांगायची विनंती करावी.