एक्सबॉक्स ३६० घ्यावा की पीएस३? आधी हार्ड डिस्क बघा

मावसभावाला जुना गेम कन्सोल घ्यायचाय. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आणि सोनीचा पीएस३ (प्लेस्टेशन ३) यांच्यात त्याचं घोडं अडलं आणि मी दोन्ही वापरलेत म्हणून फोन मला आला. ग्राफिक्स कुणाचे भारी, कंट्रोलर कुणाचा हातात बसतो, या वादात मी आता पडत नाही. त्यावरून आमच्या हॉस्टेलात मैत्र्या तुटल्या आहेत. मी त्याला एवढंच विचारलं, "आतली डिस्क गेली तर काय करशील?" पंधरा वर्षं फिरलेली हार्ड डिस्क म्हणजे पिकलं पान. कधी गळेल, सांगता येत नाही.

कुलूप दोघांनीही घातलंय, पण दोन वेगळ्या दारांना.

३६० ची डिस्क प्लास्टिकच्या डब्यातून बाहेर काढली तर लॅपटॉपमध्ये असते तसलीच अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क. खरी मेख आत आहे. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात एक सिक्युरिटी सेक्टर असतो. त्यात त्या डिस्कचं मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअरची (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामची) आवृत्ती आणि या सगळ्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही. कन्सोल सुरू झाला की डिस्कला नाव-गाव विचारतो आणि सहीच्या कागदाशी ताडून बघतो. जुळलं नाही तर तुमची कोरी करकरीत डिस्क त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आत येणाऱ्याचं ओळखपत्र तपासणारा हा दारावरचा रखवालदार. एकदा आत सोडलं की मात्र तो फार त्रास देत नाही. ३६० ची डिस्क काढून दुसऱ्या ३६० ला लावा, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी) दिसतात, प्रोफाइल दिसतं. विकत घेतलेल्या डाउनलोड गेमसाठी त्या प्रोफाइलने ऑनलाइन साइन-इन करावं लागतं, इतकंच.

पीएस३ चा कारभार उलटा. दाराला कडीसुद्धा नाही. एक निळा स्क्रू काढा, ट्रे ओढा, कुठल्याही कंपनीची साडेनऊ मिलिमीटर जाडीची साटा डिस्क बसवा. डिस्क कशी बदलायची हे सोनीने स्वतःच्या मॅन्युअलमध्येच दिलंय. पण आतला सगळा मजकूर त्या एका कन्सोलच्या स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला. ती डिस्क दुसऱ्या पीएस३ मध्ये टाकली तर तो सरळ फॉरमॅट करायला सांगतो. मी हे मित्राच्या पीएस३ वर करून बघितलं, 'नाही' दाबलं आणि डिस्क मुकाट्याने घरी आणून परत बसवली. माझ्या कन्सोलने ती काही झालंच नाही अशा थाटात वाचली.

(पहिला, २००१ चा एक्सबॉक्स या दोघांहून कडवा. त्याची डिस्क पासवर्डने कुलूपबंद असते आणि तो पासवर्ड ज्यापासून तयार होतो ती किल्ली मदरबोर्डवरच्या ईईप्रॉम नावाच्या छोट्या मेमरी चिपमध्ये. कन्सोलने कुलूप उघडलं की वीज चालू ठेवून नुसती डेटा केबल उपटायची आणि कॉम्प्युटरला जोडायची, असली सर्कस लोक त्या काळी करायचे. त्याच्या बहुतेक मॉडेलांत घड्याळाचा कपॅसिटर गळून बोर्ड खातो, हे वेगळंच. संग्रहासाठी घेत असाल तर आधी तो कपॅसिटर बघा आणि त्या चिपची प्रत काढून ठेवा. खेळण्यासाठी घेत असाल तर पुढे चला.)

म्हणजे हिशेब असा. डिस्क गेली तर पीएस३ वाला सुखी, मदरबोर्ड गेला तर ३६० वाला. कागदावर हे बरोबरीत सुटतं. माझ्यासाठी सुटलं नाही, त्याचं कारण सांगतो.

माझ्या ३६० ची २० जीबीची डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा घरात लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची धडधाकट डिस्क पडून होती. ती चालणार नाही हे माहीत होतं, म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो आणि एका दुकानातून 'ओरिजिनल' २५० जीबी घेतली. डब्यावर स्टिकर बरोबर, कन्सोलने ओळखली, गेम चालले. महिनाभर मी खूश. मग एका रविवारी भाच्याला दाखवायला पहिल्या एक्सबॉक्सच्या एका गेमची डीव्हीडी टाकली आणि ३६० ने ती चालवायला नकार दिला. जुन्या एक्सबॉक्सचे गेम चालवायला हार्ड डिस्कवर एक वेगळं पार्टिशन, म्हणजे राखून ठेवलेला कप्पा, लागतं. कंपनीच्या डिस्कमध्ये ते असतं; माझ्या डिस्कमध्ये नव्हतं. डबा उघडला तर आत साधी लॅपटॉपची डिस्क, तिच्या फर्मवेअरमध्ये दुसऱ्याच डिस्कचं नाव भरलेलं आणि वर उचललेला सिक्युरिटी सेक्टर. रखवालदाराला खोटं ओळखपत्र दाखवून आत शिरलेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, चालते ना? मग?"

चालत होती, हे खरंच. पण मला राग त्या दुकानदारापेक्षा स्वतःचा आला. घरातली प्रामाणिक डिस्क नाकारून मी पैसे मोजून तोतया आणली होती, आणि असली-नकली ओळखायला डबा उघडण्यावाचून माझ्याकडे काही साधन नव्हतं. आज ३६० साठी नवी अधिकृत डिस्क मिळणं मुश्किल. बाजारात जे आहे त्यात अस्सल किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

३६० च्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एप्रिल २०१० च्या अपडेटपासून तो पेनड्राइव्हवर साठवू देतो; आधी १६ जीबीची मर्यादा होती, पुढे ती बरीच वाढवली. तुम्हाला फक्त ३६० चेच गेम खेळायचे असतील तर हार्ड डिस्कच्या भानगडीत न पडता बऱ्यापैकी निभावतं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो लगेच "मग ३६० च घेतो" म्हणाला. घे बापडा. पण २९ जुलै २०२४ ला ३६० चं ऑनलाइन दुकान बंद झालंय. आधी विकत घेतलेलं पुन्हा डाउनलोड करता येतं, नवं काही तिथे घेता येत नाही. सोनीने पीएस३ चं दुकान बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर केलं होतं आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला.

पीएस३ माझ्याकडे अजून आहे. त्याची डिस्क मी दोनदा बदलली, दुसऱ्यांदा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, टाकली. लोडिंग थोडं लवकर होतं असं वाटतं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, आणि त्यातली साटा जोडणीच जुन्या पिढीची असल्याने चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. नव्या डिस्कवर सिस्टीम चढवायला बहुतेक मॉडेलांना अपडेटची फाइल पेनड्राइव्हवर लागते, आणि फोल्डरांची नावं ठरल्याप्रमाणे कॅपिटल अक्षरांतच हवीत. पहिल्या वेळी मी स्मॉल अक्षरांत लिहून अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

बोर्डाची भीती खरी आहे, ती मी झटकत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. काही गेम सेव्हची नक्कल करू देत नाहीत. ते सेव्ह कन्सोलच्या बॅकअप युटिलिटीत जातात, पण परत उतरतात त्याच कन्सोलवर. म्हणजे बोर्ड गेला की त्यांच्यावर पाणी सोडायचं. माझे असे दोनच आहेत आणि त्यातला एक मी तसाही पूर्ण करणार नव्हतो.

भावाने शेवटी अजून काही घेतलेलं नाही. काल विचारत होता, जुन्या लॅपटॉपमधली डिस्क किती मिलिमीटरची आहे हे कुठे लिहिलेलं असतं.