शॉकवेव्ह थेरपी: रेडियल की फोकस्ड?

शॉकवेव्ह थेरपीत दुखऱ्या जागेवर यंत्राने बाहेरून दाबाच्या लहरींचे धक्के देतात. यंत्रं दोन प्रकारची, रेडियल आणि फोकस्ड: दोन्हींना नाव एकच, पण काम वेगळं. रेडियलमध्ये दाबाखालची हवा हँडपीसमधली (यंत्राच्या हातात धरायच्या भागातली) गोळी पुढच्या टोकावर आपटते. हा धक्का त्वचेपाशी सर्वांत तीव्र असतो आणि आत जाताना विखुरतो. साधारण ३-४ सेंटीमीटरनंतर फारसा उरत नाही. फोकस्ड यंत्र लहरी आतल्या ठरावीक बिंदूवर एकवटतं, म्हणून खोल जागाही गाठता येते.

टाचदुखी, टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) किंवा पोटरीच्या स्नायूंसाठी रेडियल पुरतं. दुखरा भाग पसरलेला असेल तर तेच सोयीचं. खांद्याच्या टेंडनमधल्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतल्या) कॅल्शियमच्या खड्यासाठी मात्र फोकस्डच घ्यावं, तेही सोनोग्राफीने जागा पाहून. नेम चुकला तर पैसे वाया.

एका बैठकीत साधारण २००० ठोके, आठवड्याच्या अंतराने ३ ते ५ बैठका. रेडियलचा दाब २ बारच्या आसपास सुरू करून सोसेल तसा वाढवतात. त्वचेवर लावलेलं जेल कमी पडलं की यंत्र आणि त्वचेच्या मध्ये हवा राहते, लहर तिथेच परतते आणि त्वचा लाल होते. जागा बधिर करू नये: नेमकं कुठे दुखतं हे रुग्णालाच सांगता यायला हवं, शिवाय भुलीने परिणामही घटतो.

गरोदरपण, रक्त गोठण्याचा विकार, त्या जागी कर्करोगाची गाठ किंवा संसर्ग असेल तर दोन्ही नकोत. फुफ्फुसावर फोकस्ड कधीच नाही.

फरक ६ ते १२ आठवड्यांत कळतो. तोवर टेंडनला ताकद देणारे व्यायाम सोडले, तर महागडं यंत्रही फारसं काही करत नाही.