न्यू जर्सीत फ्लॅट फी एमएलएसवर घर विकताना: पाच महिन्यांच्या वापरानंतर

घर एडिसनमधलं, मिडलसेक्स काउंटी. १९७० च्या दशकातलं चार बेडरूमचं कलोनिअल, बेसमेंट फिनिश केलेलं. सेवा अशी: परवानाधारक ब्रोकर ठरावीक रक्कम घेतो, घर एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक यादीवर, चढवतो आणि बाकी सगळं मालकावर सोडतो. ३९९ डॉलर, मुदत सहा महिने, फोटो २५. लिस्टिंगपासून क्लोजिंगपर्यंत, म्हणजे घर खरेदीदाराच्या नावावर होईपर्यंत, त्यातले पाच महिने वापरले गेले. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा बहुतेक कंपन्यांचं काम एकाच पद्धतीचं असतं आणि नावापेक्षा त्यांच्या करारातली कलमं वाचणं जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं कलम लिस्टिंगच्या प्रकाराचं. 'एक्सक्लुझिव्ह राइट टू सेल' असेल तर गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आणलं तरी ब्रोकरचं कमिशन लागू होऊ शकतं. 'एक्सक्लुझिव्ह एजन्सी' असेल तर ओळखीतून, देवळातल्या किंवा मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आलेल्या खरेदीदाराला घर विकण्याचा तुमचा हक्क कायम राहतो आणि ब्रोकरला काही द्यावं लागत नाही. आपल्या लोकांची बरीच घरं ओळखीतून जातात, त्यामुळे हा फरक हजारो डॉलरचा आहे. अशा मर्यादित लिस्टिंगना एमएलएसकडून वेगळी वागणूक मिळण्याचा वाद अमेरिकेत बराच गाजला. मिशिगनमधल्या रिअलकॉम्प या एमएलएसने त्यांच्यावर घातलेली बंधनं फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये बेकायदा ठरवली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. आज अशी लिस्टिंग मोठ्या पोर्टलांवर इतरांसारखीच दिसते ती त्या लढ्यामुळेही.

दुसरं कलम बारीक अक्षरांतलं. जाहिरातीत फी कमी आणि करारात 'क्लोजिंगच्या वेळी विक्री किमतीच्या अर्धा टक्का' असं असू शकतं. साडेसहा लाखांच्या घरावर तो अर्धा टक्का ३,२५० डॉलर होतो. किंमत बदलायची फी, मुदतीआधी लिस्टिंग काढायची फी आणि फोटो वाढवायची फी हे तिन्ही आकडे सही करण्याआधी ईमेलवर लेखी मागा. बदल किती तासांत होईल तेही विचारा. आमच्या लिस्टिंगवर बाथरूमची संख्या अडीचऐवजी दीड पडली होती आणि ती दुरुस्त व्हायला तीन दिवस गेले. ते पहिल्या आठवड्यातले तीन दिवस होते. घराला सगळ्यात जास्त नजरा त्याच आठवड्यात मिळतात आणि शोधताना दोनपेक्षा कमी बाथरूम वगळणाऱ्यांना ते घर दिसलंच नाही. म्हणून लिस्टिंग चढल्यावर तासाभरात स्वतः ताडून पाहा: बाथरूम, टॅक्सची रक्कम, शाळेचा डिस्ट्रिक्ट, हीटिंग गॅसवर की तेलावर.

न्यू जर्सीत एमएलएस एकच नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मिडलसेक्समध्ये एजंट ऑल जर्सी (पूर्वीचं सेंट्रल जर्सी) एमएलएस आणि गार्डन स्टेट एमएलएस दोन्ही बघतात, मर्सर काउंटी आणि दक्षिण जर्सीत ब्राइट एमएलएस चालतं, मॉनमथ-ओशनकडे त्यांचं वेगळं. ब्रोकर दुसऱ्या राज्यातून काम करत असेल तर तो हाताशी असलेल्या कुठल्याही एमएलएसवर टाकून मोकळा होतो. झिलो या पोर्टलवर घर दिसेल, पण तुमच्या गावातल्या एजंटांच्या रोजच्या शोधात येणार नाही. 'माझ्या टाउनशिपसाठी कोणतं एमएलएस?' हा प्रश्न पैसे भरण्याआधीचा.

आता किंमत. या सेवेत ती कुणी ठरवून देत नाही. गेल्या तीन ते सहा महिन्यांत त्याच शाळेच्या हद्दीत विकलेली, क्षेत्रफळात १० ते १५ टक्क्यांच्या आत असलेली पाच-सहा घरं काढायची आणि त्यांची मागितलेली किंमत सोडून विकलेली किंमत धरायची. बेसमेंटचं क्षेत्रफळ जमिनीवरच्या क्षेत्रफळात मिळवायचं नाही, अप्रेझर (घराचं मूल्यमापन करणारा) मिळवत नाही. अडचण वाटली तर परवानाधारक अप्रेझरला चार-सहाशे डॉलर देऊन आकडा घ्यावा, ते पैसे वसूल होतात. किंमत ६,४९,९०० लावण्यापेक्षा सरळ ६,५०,००० लावली तर साडेसहापर्यंत शोधणारे आणि साडेसहापासून पुढे शोधणारे अशा दोघांनाही घर दिसतं.

फोटो मात्र मोबाइलवर काढू नका. पावणेतीनशे डॉलरमध्ये व्यावसायिक छायाचित्रकार मिळतो. लिस्टिंग बुधवारी किंवा गुरुवारी चढवली, शुक्रवारपासून घर दाखवलं, शनिवार-रविवार ओपन हाउस ठेवलं आणि ऑफर सोमवारी संध्याकाळपर्यंत मागवल्या, तर एकमेकांसमोर ठेवता येतील अशा ऑफर हातात येतात.

फोन हा या सेवेतला सर्वांत थकवणारा भाग. पोर्टलवरच्या 'एजंटशी संपर्क' बटणावरची चौकशी अनेकदा तुमच्याकडे येतच नाही, पोर्टलला जाहिरातीचे पैसे देणाऱ्या एजंटकडे जाते. तुमच्याकडे येतात ते घर दाखवायची वेळ मागणारे एजंट आणि 'मीच विकून देतो' म्हणणारे एजंट. पहिल्यांना तासाभरात उत्तर गेलं नाही तर ते आपल्या गिऱ्हाइकाला पुढच्या घरी नेतात. वेळ मागण्याची सोय ऑनलाइन प्रणालीतून आहे की ब्रोकर ईमेल पुढे ढकलतो, हे विचारून घ्या. ढकलणारा ब्रोकर शनिवारी सुट्टीवर असतो आणि घरं शनिवारीच बघितली जातात. दोघं नवरा-बायको कामाला जात असाल तर दारावर आकड्यांचं लॉकबॉक्स लावा. कोड फक्त भेट पक्की केलेल्या, परवाना तपासलेल्या एजंटलाच द्या आणि दर आठवड्याला बदला.

खरेदीदाराच्या एजंटचं कमिशन हा विषय १७ ऑगस्ट २०२४ पासून बदलला. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या तडजोडीनंतर ते एमएलएसवर लिहिता येत नाही आणि खरेदीदाराने घर बघण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार केलेला असावा लागतो. त्यामुळे 'किती देताय?' असा फोन येतोच. 'तुमच्या ऑफरमध्ये लिहा, एकूण हातात काय येतं ते बघून ठरवू' हे उत्तर पुरतं. 'शून्य' असं तोडून सांगू नका. बहुतेक खरेदीदारांकडे डाउन पेमेंटनंतर एजंटला द्यायला वेगळे दहा-तेरा हजार उरत नाहीत, म्हणून ते तुमच्या किमतीतूनच यावे लागतात. दोन टक्के मागणारी ६,६५,००० ची ऑफर ही काही न मागणाऱ्या ६,५०,००० पेक्षा सरस आहे, तुलना नेहमी निव्वळ रकमेची करावी.

जाहिरातीचा मजकूर तुम्हीच लिहिता, म्हणून एक इशारा. 'भारतीय कुटुंबांसाठी उत्तम', 'हिंदू शेजार', 'शाकाहारी खरेदीदारास प्राधान्य' असलं काहीही लिहू नका, ग्रुपवरच्या मेसेजमध्येसुद्धा नाही. १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा धर्म, वंश, मूळ देश यांच्या आधारे पसंती दाखवणारी जाहिरात मनाई करतो आणि न्यू जर्सीचा कायदा त्याहून कडक आहे. 'पूर्वाभिमुख प्रवेशद्वार' ही घराची वस्तुस्थिती आहे, ती लिहायला हरकत नाही. वास्तू बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

आता कागद. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि एजंट नसल्यामुळे आठवण करून देणारंही कुणी नसतं. १ ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत विक्रेत्याने घराच्या स्थितीचं निवेदन भरून देणं सक्तीचं आहे, पुराविषयीचे प्रश्नही त्यातच असतात. घर फेमाच्या (फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) पूरक्षेत्रात येतं का, कधी पाणी शिरलं का, हे खरं लिहा. बेसमेंटमधला ओलावा रंग मारून लपवलात तर तो खटला क्लोजिंगनंतर येतो. १९७८ आधीच्या घराला शिशाच्या रंगाचं वेगळं प्रकटन आणि फेडरल पर्यावरण खात्याची पुस्तिका द्यावी लागते, आणि खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवसांचा हक्क असतो. तो हवं तर सोडूही शकतो.

आमचा पहिला सौदा बेसमेंटच्या परमिटवर मोडला. परमिट काढलेलं होतं, पण शेवटची तपासणी झालीच नव्हती, म्हणून टाउनशिपच्या नोंदीत ते उघडं होतं. आपल्या लोकांच्या घरांत ही गोष्ट फार आढळते: बेसमेंटमध्ये बाथरूम काढलेलं, डेक वाढवलेलं, मागे कागद नाही. लिस्टिंगच्या दोन महिने आधी टाउनशिपमध्ये सार्वजनिक नोंदींसाठी अर्ज करून आपल्या पत्त्यावरची सगळी परमिटं मागवा. नवं परमिट लागलं तर आराखडा तपासायला २० कामाचे दिवस, मग बांधकाम, वीज, प्लंबिंग, अग्निशमन अशा वेगवेगळ्या तपासण्या. स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरासाठी मालक स्वतः अर्ज करू शकतो. भिंतीच्या आतली तार दिसत नसेल तर निरीक्षक प्लास्टरबोर्ड कापायला सांगतो, याची तयारी ठेवा.

जुन्या घरांत जमिनीखाली तेलाची टाकी असू शकते. आता गॅसवर असलेल्या घरातही जुनी टाकी पुरलेली राहते. खरेदीदार टाकी शोधणारं यंत्र अंगणात फिरवणारच, त्याआधी तुम्ही फिरवा. टाकी गळलेली निघाली तर माती काढण्याचा खर्च हजारो डॉलरवर जातो आणि सौदा तिथेच थांबतो. रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) तपासणीला किमान ४८ तास लागतात आणि त्याआधी १२ तास खिडक्या-दारं बंद ठेवावी लागतात. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर पंख्याची यंत्रणा बसवून घ्यावी, ती साधारण हजार ते दोन हजारांत बसते आणि त्यावर सहसा कुणी सौदा मोडत नाही.

शेवटच्या आठवड्यात धावपळ करायला लावणारी गोष्ट म्हणजे अग्निशमन प्रमाणपत्र. बॅटरीवरचे स्मोक अलार्म दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे हवेत, प्रत्येक झोपण्याच्या भागापासून दहा फुटांत कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवा आणि स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत भिंतीवर अग्निशामक हवा. त्याचं रेटिंग २ए:१०बी:सी, वजन दहा पौंडांपेक्षा जास्त नको आणि वरचं टोक जमिनीपासून पाच फुटांच्या वर नको. कपाटात ठेवलेला अग्निशामक नापास होतो. अर्ज क्लोजिंगच्या तीन आठवडे आधी करा.

ऑफर आल्यावर वकील घ्याच. उत्तर जर्सीत दोन्ही बाजूंना वकील असण्याची रीतच आहे, दीड ते दोन हजार डॉलर लागतात. एजंटने छापील फॉर्मवर केलेल्या कराराला तीन कामाच्या दिवसांची वकील-तपासणी लागू असते. दोन्ही पक्षांच्या हाती सह्या झालेला करार पडला की ती सुरू होते, वकिलांनी बदल सुचवले तर पुढेही चालते, आणि ती संपेपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं. म्हणून तोपर्यंत घर दाखवणं थांबवू नका. ओळखीतल्या माणसाशी थेट सौदा करून वकिलाकडून करार बनवलात तर ही मुदत आपोआप मिळत नाही, ती लिहून घ्यावी लागते. इसाऱ्याची रक्कम फ्लॅट फी ब्रोकर बहुधा ठेवत नाही, ती वकिलाच्या ट्रस्ट खात्यात जाते.

ऑफरमधला सर्वांत मोठा आकडा बघून भुलू नका. बँक कर्ज देते ते अप्रेझलवर. ६,८०,००० ची ऑफर आली आणि अप्रेझल ६,५०,००० आलं, तर मधले तीस हजार खरेदीदार रोख भरणार आहे का, हे ऑफरमध्ये स्पष्ट हवं. नसेल तर तुम्ही पुन्हा वाटाघाटीच्या टेबलावर येता, तेही दीड महिना घर बाजाराबाहेर राहिल्यावर.

हिशेब असा. विक्री ६,५०,०००. लिस्टिंग एजंटला अडीच टक्के दिले असते तर १६,२५०. प्रत्यक्षात फी ३९९, फोटो २७५, पाटी आणि लॉकबॉक्स ६०, म्हणजे ७३४ डॉलर. बचत साडेपंधरा हजारांची. खरेदीदाराच्या एजंटला दोन टक्के म्हणजे १३,००० गेले. राज्याची रिअल्टी ट्रान्सफर फी विक्रेत्याकडूनच जाते, या किमतीला ५,७१५ डॉलर, आणि वयाची ६२ वर्षं पूर्ण झालेल्यांना ती कमी लागते. किंमत दहा लाखांच्या वर असेल तर १० जुलै २०२५ पासून तथाकथित मॅन्शन टॅक्सही विक्रेत्याच्या माथी आला आहे, सुरुवात एक टक्क्यापासून. साडेपंधरा हजारांच्या बदल्यात सुमारे सत्तर-ऐंशी तासांचं काम आणि पाच महिने फोन हाताशी ठेवणं, हा व्यवहार मला पटला. मागणी असलेलं गाव, सर्वसाधारण घर आणि नीट कागद असतील तर सेवा घ्यावी. घर रिकामं ठेवून दुसऱ्या राज्यात गेला असाल, भाडेकरू आत असेल किंवा घटस्फोट वा वारसाहक्काचा गुंता असेल, तर पूर्ण सेवेचा एजंट घ्या.

भारतात परतणाऱ्यांनी क्रम नीट ठरवावा. न्यू जर्सीचे रहिवासी असताना विकलं तर क्लोजिंगला जीआयटी/आरईपी-३ फॉर्म भरून काम होतं. राज्य सोडल्यावर विकलं तर सहसा किमान विक्री किमतीच्या दोन टक्के आगाऊ कर भरावा लागतो, आणि करापुरते परदेशी ठरलात तर फर्प्टाखाली (परदेशी विक्रेत्यांसाठीचा फेडरल कर कायदा) खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापून ठेवावी लागू शकते. शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिला असाल तर फेडरल करात एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ आहे. त्यामुळे घर भाड्याने देऊन पुण्याला गेलात तर तीन वर्षांच्या आत विका.

क्लोजिंगच्या आठवड्यात पैसे पाठवण्याच्या सूचना ईमेलने बदलल्या तर त्यावर विश्वास ठेवू नका, वकिलाच्या आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. व्यवहार झाला की त्याच दिवशी विकलेली किंमत ब्रोकरला कळवा, कारण एमएलएसवर ती भरायची जबाबदारी त्याची आणि उशीर झाला तर त्याला होणारा दंड काही करारांत तुमच्या नावावर टाकलेला असतो.