इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं शोधायचंय: अँसेस्ट्री, फाइंडमायपास्ट, फुकटच्या साइट्स की थेट रेकॉर्ड ऑफिस?

हा प्रश्न आता बऱ्याच मराठी लोकांना पडतो, कोणाचं सासर इंग्लिश असतं, कोणी तिकडे खेड्यात जुनं घर घेतलेलं असतं, आणि कोणाला पुण्या-खडकीच्या जुन्या कबरस्तानातल्या एखाद्या सोल्जरचं मूळ गाव शोधायचं असतं. अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या जुन्या नोंदी पैसे घेऊन दाखवणाऱ्या साइट्स. माझं मत आधीच सांगून टाकते, साइटच्या जाहिराती बघून ठरवू नका, गाव कुठल्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, येतं ते आधी बघा. जुनी पॅरिश रजिस्टरं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या (त्या हद्दीला पॅरिश म्हणतात) बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या, आता बहुतेक त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात असतात आणि त्यांचे स्कॅन कोणत्या कंपनीकडे गेलेत ते काउंटीगणिक बदलतं. डेव्हनच्या वह्या फाइंडमायपास्टवर, शेजारच्या डॉर्सेट आणि सॉमरसेटच्या अँसेस्ट्रीवर, आणि एसेक्सच्या वहीचं पान बघायचं तर चेम्सफर्डच्या रेकॉर्ड ऑफिसचं स्वतःचं वेगळं सबस्क्रिप्शन आहे. म्हणजे डेव्हनचं घराणं असताना अँसेस्ट्रीचं वर्षाचं पॅकेज घेतलं तर नेमकी जी पानं हवीत तीच मिळणार नाहीत.

पण पैसे भरायच्या आधी फुकटात जेवढं होतं तेवढं करून घ्या, आणि ते खूप होतं. फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी (सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदी), फ्रीरेग (पॅरिशच्या वह्या) या तिन्ही साइट्स फुकट आहेत, त्यातल्या शेवटच्या दोन तर व्हॉलंटियर लोकांनी एकेक नोंद वाचून टाइप करून उभ्या केल्यात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. कॉर्नवॉलचं गाव असेल तर तिथल्या ऑनलाइन पॅरिश क्लार्कांचा, म्हणजे एकेका पॅरिशच्या नोंदी टाइप करणाऱ्या व्हॉलंटियरांचा, फुकटचा डेटाबेस इतका चांगला आहे की सबस्क्रिप्शनशिवायही बरंच काम निघतं. इंग्लंडात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, तिचा इंडेक्स जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर फुकट बघता येतो, आणि त्यात जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन घरांतली मुलं वेगळी काढता येतात. फुकट साइटची अडचण एवढीच की बऱ्याचदा फक्त टाइप केलेली ओळ मिळते, मूळ पान नाही, आणि मूळ पानावर मार्जिनमध्ये काय लिहिलंय ते दिसल्याशिवाय मी तरी कोणतीही नोंद पक्की धरत नाही.

आता अँसेस्ट्री की फाइंडमायपास्ट. जनगणना दोन्हीकडे आहे, म्हणून त्यावरून ठरवू नका. १८४१ च्या जनगणनेत १५ च्या वरच्यांचं वय बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पटीत लिहिलंय, म्हणजे २९ चा माणूस २५ चा दिसतो, आणि जन्मगावही नाही, याच काउंटीत जन्मला का एवढंच आहे. खरा उपयोग १८५१ पासून, तिथे जन्माची पॅरिश आणि घरातलं नातं दोन्ही मिळतं. अँसेस्ट्रीकडे डीएनए टेस्ट आहे आणि जुळणारे नातेवाईक शोधायला ती बाजू भक्कम आहे, पण लोकांनी टाकलेले फॅमिली ट्री जसेच्या तसे उचलू नका, खेड्यात एकाच वयाचे दोन जॉन आणि तीन मेरी सहज असतात, आणि ज्याला आपला पूर्वज धरलाय तो बाळपणीच गेला नव्हता ना हे दफनाच्या वहीत बघणारे लोक फार कमी. फाइंडमायपास्टकडे जुनी वर्तमानपत्रं आहेत, ती घेताना तुमच्या प्लॅनमध्ये येतात का ते बघून घ्या. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या, नोंदी तिथे आहेत, त्यात मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं सापडतात. फक्त दफनाच्या नोंदीत सोल्जरचं जन्मगाव सहसा नसतं, ते पेन्शन घेऊन सुटलेल्यांच्या डिस्चार्जच्या कागदांत असतं, म्हणून जो इथेच वारला त्याचं गाव शोधणं जास्त अवघड जातं. कोणतीही घ्या, एक महिन्याची घ्या, सगळी पानं डाउनलोड करा, प्रत्येकाखाली पॅरिश आणि वर्ष लिहून ठेवा आणि ऑटो-रिन्यू बंद करा. इंग्लंडात राहत असाल तर आधी पब्लिक लायब्ररीत विचारा, तिथल्या कॉम्प्युटरवर यातली एखादी साइट बऱ्याचदा फुकट असते.

इथपर्यंत नावं आणि तारखा मिळतात. गावाचा इतिहास हवा असेल, माणसं जगली कशी हे कळायला हवं असेल, तर रेकॉर्ड ऑफिसला पर्याय नाही असं मला वाटतं, कारण चर्चच्या पेटीत ठेवलेले पॅरिशच्या कारभाराचे बाकीचे कागद अजून बरेचसे ऑनलाइन आलेलेच नाहीत. १६६२ च्या कायद्यानंतर गरीब माणसाला मदत कोणत्या पॅरिशने करायची यावरून गावागावांत वाद चालायचे, मग त्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून शपथेवर विचारायचे, कुठे जन्मलास, कोणाकडे पूर्ण वर्ष चाकरीला होतास, पगार किती, लग्न कुठे केलंस, आणि ते सगळं लिहून ठेवायचे. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या आयुष्याचा हा बहुतेक एकमेव जबाब असतो, शेवटी फुली मारलेली असते. कधी त्याच्याच मागे त्या कुटुंबाला गावाबाहेर काढल्याचा हुकूम, कधी लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा बाप कोण याचा कागद, ज्याचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत बहुतेक कोरं असतं. याच्या जोडीला टाइद मॅप बघाच, १८३६ च्या कायद्यानंतर चर्चचा दशांश पैशात बदलताना काढलेले हे नकाशे, प्रत्येक शेताला नंबर, आणि सोबतच्या यादीत त्या शेताचं नाव, मालक, कसणारा, एकर. १८४१ ची जनगणना बाजूला ठेवून ही यादी वाचली की कोण कुठल्या घरात राहत होतं हे बऱ्याचदा बोट ठेवून दाखवता येतं. नंतरचे ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा खात्याचे, नकाशे मात्र घरबसल्या मिळतात, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने इंग्लंडचेही फुकट ठेवलेत.

रेकॉर्ड ऑफिसचा खर्च वेळेचा आहे. ठरावीक दिवशीच उघडं असतं, कागद आधी ऑर्डर करावे लागतात, रीडर कार्डासाठी फोटो आयडी आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आत फक्त पेन्सिल चालते, फोटो काढायला बऱ्याच ठिकाणी दिवसाची फी असते. आणि काही गोष्टी तिथेही मिळत नाहीत, डेव्हनची बहुतेक जुनी मृत्युपत्रं मे १९४२ च्या एक्झिटरवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाली, तिथे मग १८१२ नंतरच्या टॅक्ससाठी केलेल्या नकला शोधाव्या लागतात.

तेव्हा फक्त पणजोबांपर्यंत पोचायचं असेल तर फुकट साइट्स आणि एखादं सर्टिफिकेट पुरे. १७०० च्या मागे जायचं असेल तर त्या काउंटीच्या वह्या ज्या साइटवर असतील तिचा एक महिना. घर घेतलंय आणि गाव समजून घ्यायचंय तर सबस्क्रिप्शन राहू दे, टाइद मॅपपासून सुरुवात करा. आणि पुण्या-मुंबईत बसून हे करत असाल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी या ऑनलाइन कॅटलॉगमधून कागदाचा रेफरन्स नंबर काढून त्या रेकॉर्ड ऑफिसला ईमेल करा, बऱ्याच ठिकाणी तासावर फी घेऊन स्टाफ शोधून देतो, फक्त "आमच्या घराण्याची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, पॅरिश, वर्षं आणि नेमका कागद सांगा.