सीधे मौत की स्वदेसी, आधी कोण?

मावसभाऊ बारावीतून सुटलाय, दिवसभर रील्स, आणि परवा सेव-उसळ खाता खाता एकदम म्हणाला, दादा, पंधरा पंधरा सेकंदांचे तुकडे ऐकून कंटाळा आलाय, आता रॅपचा एकच ग्रुप धरतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, बोल, सीधे मौत की स्वदेसी? मला तिथं धड उत्तर देता आलं नाही कारण तरी जरा जास्तच घेतली होती आणि नाक गळत होतं, म्हणून आता निवांत लिहितोय. हा घोळ मी स्वतः घालून झालाय, दोघांना महिना महिना दिलाय, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

आधी एक वाद मिटवून टाकू, की जास्त अंडरग्राउंड कोण. काही अर्थ नाही त्यात. सीधे मौतचा 'बयान' हा अल्बम 2018 चा, स्वदेसीचा 'चेतावनी' 2020 चा, आणि दोन्ही दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्स या कंपनीनंच काढले, म्हणजे एकाच चुलीवरचं जेवण. स्वदेसीतली काही पोरं 'गली बॉय' सिनेमाच्या 'इंडिया 91' गाण्यात ऐकू येतात म्हणून लगेच ते फिल्मी झाले असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी बोलत नाही.

तर सीधे मौत. दिल्लीचे दोघं, काम आणि एन्कोर एबीजे (हा काम म्हणजे शांत या अर्थाचा, आपलं कामधंद्यातलं काम नव्हे). यांचं मोठं सुख म्हणजे माल भरपूर आणि ओळीनं लावलेला. 'बयान'ला सगळीकडे सेझ ऑन द बीट या संगीतकाराचं संगीत, मग 2021 मध्ये 'न', ज्यात पुण्याच्या एमसी स्टॅनबरोबरचं 'नानचाकू' आहे, मग 2022 ला परत सेझबरोबर 'नायाब', 2023 ला 'लंच ब्रेक' आणि पुढेही चालूच. माझ्या मते 'नायाब' त्यातला सगळ्यात मुरलेला, रात्री लाइट बंद करून ऐकायचा. 'लंच ब्रेक'मध्ये तीस गाणी आहेत, खरं सांगतो, माझा डबा अर्धा उरतो. पण चढत्या क्रमानं ऐकलं की ही दोघं वर्षागणिक कशी बदलली ते स्वच्छ कळतं आणि हे सुख स्वदेसीत नाही, तिकडे येतोच.

आता माझं दुखणं. मी बडोद्यात दांडिया बाजारला राहतो आणि मकरपुऱ्याला जीआयडीसीत (म्हणजे तुमची एमआयडीसी) एका शेडमध्ये कामाला, रोज ॲक्टिव्हा, एका कानात इअरबड (करू नये, माहितीय). सीधे मौतची गंमत अशी की दोघं एकमेकांच्या तोंडातली ओळ ओढून घेतात, एकानं सुरू केलेलं वाक्य दुसरा संपवतो, मध्ये दिल्लीच्या गल्लीतला एखादा शब्द आणि त्या शब्दाचे दोन अर्थ, आणि दुसरा अर्थ तुमच्या डोक्यात शिरेपर्यंत गाणं चार ओळी पुढे. घरी मोबाईलवर शब्द उघडून ऐकलं की वा वा होतं, पण रस्त्यावर मला आत्ता कोण बोलतंय हेच कळायचं नाही. मग मागे घ्यायचं, परत ऐकायचं, परत मागे. एकदा लालबागच्या पुलाखाली गाडी बाजूला घेऊन असंच मागे घ्यायला इअरबडवर टकटक केली, तो निसटला, टप्पा खाऊन रस्त्याच्या मधे गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत बसच्या मागच्या चाकाखाली. आवाजसुद्धा आला नाही. एक ओळ नीट ऐकायची होती फक्त. त्यात चूक सीधे मौतची नाही, मान्य, पण निकाल मात्र त्याच दिवशी लागला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या एका इअरबडवर स्वदेसी लावलं आणि एकही ओळ मागे न घेता शेडपर्यंत पोचलो. हे मुंबईचं टोळकं, 2013 पासूनचं, आणि भाषा बदलत चालतात, मराठी, हिंदी, गुजराती, त्यामुळे आवाज ओळखायला कष्टच नाहीत, भाषा बदलली की माणूस बदलला असणार असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. आणि बडोद्याच्या मराठी माणसाला हे काय वेगळं सांगायचं, आपण घरात मराठी, ओट्यावर गुजराती, गिऱ्हाईक यूपीचं निघालं तर हिंदी, आणि भांडण तिन्हीत. माझ्या आजीचं एक वाक्य तीन भाषांतून जातं आणि तिला पत्ताही नसतो.

त्यात यांच्यातला एमसी टोडफोड, धर्मेश परमार, हा मुंबईचा गुजराती आणि गुजरातीत रॅप करायचा. आमच्या शेडमध्ये सीएनसी मशीनवर एक भाई आहे, गरबा आणि जुनी पिक्चरची गाणी सोडून काही ऐकत नाही. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मी फोनच्या स्पीकरवर टोडफोडचा गुजराती तुकडा लावला तर त्यानं कूलंट बंद केलं, हात पुसले, जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, अल्या, आ तो आपणुं ज बोले छे! परत लाव म्हणाला. टोडफोड 2022 च्या मार्चमध्ये गेला, चोवीस वर्षांचा, त्याचा स्वतःचा 'ट्रूथ अँड बेस' येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. हे मी भाईला अजून सांगितलेलं नाही.

आणि 'द वारली रिव्होल्ट'. 2019 चं गाणं, आरेच्या जंगलाचं, त्यात आरेतल्याच पाड्यावरचे प्रकाश भोईर आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं पाडली होती, आठवत असेल. नावातला वारली आदिवासींचा उठाव मात्र जुना, 1945 चा, गोदुताई परुळेकरांच्या वेळचा. जंगलाची बाजू घेणारी गाणी ऐकताना बरेचदा पर्यावरण दिनाचं भाषण चाललंय असं वाटतं, इथं ज्याचं घर जाणार तोच गातोय, फरक कळतो.

आता तक्रार, नाहीतर म्हणशील दादा पक्षपाती आहे (आहेच). स्वदेसीचा माल ओळीनं लावलेला नाही, पोत्यात भरलाय. 'चेतावनी' संपला की सुटी गाणी, याचं सोलो, त्याचं सोलो, ता धोम प्रोजेक्टमध्ये मृदंगवाल्या विवेक राजगोपालनबरोबर कर्नाटकी बोलांवर केलेलं रॅप, सगळं शोधत बसावं लागतं. शिवाय कधीकधी गाणं मोर्च्यासारखं होतं, घोषणा आली की पुढचं काय येणार ते आधीच कळतं. सीधे मौत असं कळू देत नाहीत, ते मान्य करायला पाहिजे.

तेव्हा बघ बाबा, तुझ्याकडे गच्ची आहे, वेळ आहे आणि इअरबड दोन्ही शाबूत आहेत, रॅपची कारागिरी शिकायचीच असेल तर 'बयान'पासून धर, मी अडवणार नाही. पण त्याआधी एक संध्याकाळ 'चेतावनी' मोठ्यानं लाव, आजी ओट्यावर बसलेली असताना, इअरबड न घालता. आणि येताना तुझा जुना वायरवाला इअरफोन घेऊन ये, माझा दुसराही आता चार्ज धरत नाही.