भातासाठी डीसॅट: दोन खरीप वापरल्यानंतर

एकरी किती पोती येतील हे आधी कळावं म्हणून डीसॅट हे पिकाच्या वाढीचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर घेणार असाल तर नका घेऊ. लोंब्या कधी बाहेर पडतील ते जाणून घ्यायचं असेल तर आजच उतरवून घ्या. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. कर्जतच्या बाजूला आमच्या शेतकरी गटाच्या खाचरांसाठी दोन खरीप वापरून हे मत झालंय.

यात चाळीसेक पिकांची मॉडेलं आहेत, भाताचं सेरेस-राइस. रोजचं हवामान, माती, लागवडीचा तपशील आणि जात, एवढं भरलं की ते चालतं. जातीचा भाग मला सगळ्यात आवडला. पी१ म्हणजे कोवळ्या वाढीला लागणारी उष्णता, ९ अंशांच्या वरची, रोज बेरीज करत नेलेली. पी२ओ म्हणजे दिवस किती तासांचा होईपर्यंत पीक थांबत नाही ती मर्यादा. पी२आर म्हणजे त्यापुढच्या प्रत्येक तासामागे लोंबी धरायला किती उशीर होतो. पी५ म्हणजे दाणा भरायला लागणारी उष्णता. हळवा (लवकर येणारा), निमगरवा (मधला), गरवा (उशिरा येणारा) हा आपल्या आज्यांचा हिशेब या चार आकड्यांत मावतो! हळव्याची लावणी पंधरा दिवस लांबली की मॉडेलमध्ये निसवणंही जवळपास तेवढंच पुढे जातं. गरव्याचं तेवढं जात नाही, तो दिवस लहान व्हायची वाट बघतो. बांधावरही हेच दिसतं.

जातींच्या आयत्या यादीत आयआर ६४ मिळेल, कर्जत-३ ची अपेक्षा ठेवू नका. तिचे गुणांक, म्हणजे पी१ वगैरे आकडे, आपल्याच नोंदींवरून काढावे लागतात. त्यासाठी ग्लू नावाचं साधन सोबत येतं. ते हजारो वेळा मॉडेल चालवून जुळणारे आकडे शोधतं. रात्री लावून झोपावं. लावणी, फुलोरा आणि पक्वतेच्या तारखा वहीत नीट असतील तर नंतर फुलोऱ्याचा अंदाज दोन-चार दिवसांच्या फरकाने येतो.

उत्पादनाचं मात्र वेगळं. पहिली गोष्ट, हेक्टरी किलोतला तो आकडा पूर्ण कोरड्या दाण्याचा असतो. ४००० दिसले तर १४ टक्के ओलाव्याला ते साधारण ४६५० होतात. दुसरी, करपा किंवा खोडकिडा त्याला आपणहून कळत नाही. नुकसान मोजून भरलंत तरच धरतं. रानडुकरांचं तर विचारूच नका. पण खरी अडचण पाण्याची. मॉडेल एकाच जागेचा, जमिनीत वरून खोलवरचा हिशेब करतं, शेजारच्या खाचरातून येणारं पाणी धरत नाही. आमची खाचरं उताराला पायऱ्यांनी, वरच्याचं पाणी खालच्यात. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की वरचं वरकसाला लागलेलं खाचर भेगाळतं आणि खालच्यात पाणी उभं असतं. माती आणि पाऊस तोच भरला तर मॉडेलला दोन्ही सारखीच. मी आता वरची, मधली, खालची अशी तीन वेगळी शेतं धरतो आणि पाण्याची उंची हाताने भरतो. जुगाड आहे, पण त्याशिवाय आकडा शेताजवळही येत नाही.

हवामानाबद्दल एकच. नासा पॉवर या हवामानाच्या आकड्यांच्या संकेतस्थळावरून सूर्यप्रकाश आणि तापमान घ्यायला हरकत नाही, पाऊस घेऊ नका. नकाशाच्या ज्या चौकटींचे ते आकडे असतात त्या एवढ्या मोठ्या की घाटमाथा आणि पायथा एकत्र सरासरीत जातात. गावात पर्जन्यमापक ठेवा.

फिलिपिन्समधल्या इरी या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं ओरायझा हे मॉडेलही चाळून पाहिलं. ते फक्त भाताचं, आणि पिकाच्या वाढीत जास्त खोल जातं. पण नीट बसवायचं तर हंगामभर ठरावीक वेळी रोपं उपटून पानं, खोड, लोंबी वेगवेगळी वाळवून तोलावी लागतात. प्रयोगशाळा असेल त्यांनी करावं.

सगळ्यात उपयोग झाला तो जुनं हवामान लावून. तीच जात, तीच लावणी, मागच्या तीस वर्षांच्या हवामानावर चालवायची आणि कापणी कुठे पडते ते पाहायचं. हळवा लवकर लावला तर बऱ्याच वर्षी तो परतीच्या पावसात सापडतो, हे कागदावर दिसल्यावर गटातल्या म्हाताऱ्यांनी "हे आम्ही सांगतच होतो" म्हटलं. तरी यंदा राब (रोपांचे वाफे) टप्प्याटप्प्याने पेरायचं त्यांनीच ठरवलं, आणि कुणाचा कधी हे त्या तक्त्यावरून.