मायकोरायझा पावडर: अश्वगंधेच्या दोन हंगामांनंतर

मायकोरायझा म्हणजे मुळांत राहून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) पुरवणारी बुरशी. तिची पहिल्या हंगामातली पावडर सगळी वाया गेली. पाकिटावर छापलं होतं, सुपर फॉस्फेटबरोबर एकाच खड्ड्यात टाका. मी तसंच केलं आणि सहा महिन्यांनी मुळं उपटली, तर पावडरीच्या आणि बिनपावडरीच्या कुंड्यांत काडीचाही फरक नाही. खतातून स्फुरद आयतं मिळालं की झाडाला बुरशीची गरज उरत नाही. मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं पाझरून तिला हाक घालतात, ती हाकच क्षीण होते. विकणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं. त्याचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या हंगामात दुसऱ्या उत्पादकाची घेतली. पाकिटावर बुरशीचं पूर्ण नाव होतं, राइझोफॅगस इर्रेग्युलॅरिस, आणि तयार केल्याची तारीखही. आत मुळांचे बारीक तुकडे दिसले तर कचरा समजू नका. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ती बहुधा मुळांवरच पोसतात. बी टोकताना बियांच्या अगदी खाली चिमूटभर घातली, रासायनिक खत शून्य.

दोन महिन्यांनी तंतुमुळं काढली, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळली, मग शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत निळी, फांद्या फुटलेली इवली झाडं दिसली. हीच अर्बस्क्युल, देवाणघेवाणीची जागा: बुरशी स्फुरद देते, झाड साखर आणि मेद देतं. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. बिनपावडरीच्या मुळांत अशी एखाद-दुसरीच होती.

काढणीला मुळं जाड निघाली, वाळल्यावर कट्कन मोडली, वासही उग्र आला. पण वासावरून विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतले औषधी घटक, मोजता येत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. 'औषधी घटक दुप्पट' हा पाकिटावरचा दावा मला मान्य नाही. मूळ कल्पना खरी आहे. बुरशी पेशीत शिरते तेव्हा झाडाचं संरक्षणाचं रसायन जागं होतं, शिवाय विथॅनोलाइड ज्या तुकड्यांपासून घडतात ते तुकडे फॉस्फेट जोडलेले असतात. पण बुरशीची जात, झाडाचं वाण, माती, काढणीचं वय, यातलं काहीही बदललं की निकाल बदलतो. मूळ नुसतं जाड झालं तर एका झाडामागे घटक जास्त मिळेल, ग्रॅममागे तेवढाच राहील, कदाचित घटेलही. आणि विथॅनोलाइड म्हणजे तरी कोणतं? विथाफेरिन-ए मुख्यतः पानांत सापडतं, विथॅनोलाइड-ए मुळांत. पाकीट याबद्दल गप्प आहे. एचपीएलसी चाचणीचा (प्रत्येक घटक वेगळा करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) अहवाल जोडला असता तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आत्ता चार देते, तेही मुळांच्या वाढीसाठी. औषधासाठी मुळं विकणार असाल तर आपला नमुना आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

कुंड्यांतली माती मी फेकलेली नाही. तुटक्या तंतुमुळांसकट सावलीत ठेवली आहे, पुढची पेरणी त्यातच करणार आहे.